दोन झाले, एक हवा

८ डिसेंबर

अर्ज परत! मी राहते त्या चौकाचा अर्ज, मीच लिहिलेला, मीच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलेला. वर शेरा – 'निकषात बसत नाही.' निकष असा की एका चौकात वर्षभरात तीन जखमी झाले तर सिग्नल मिळतो. आमच्याकडे दोनच. म्हणजे चौक सुरक्षित!

"साहेब, रोज करकचून ब्रेक लागलेले ऐकते मी."

"आवाजाचा रकाना नाही आपल्याकडे," म्हणाले.

दहा वर्षं शहराचे अपघात तक्त्यात भरतेय. कुठे झाला, कुणाचं काय मोडलं, सगळं. आणि स्वतःच्या दारासमोर एक दिवा लावता येत नाही. घरी कुठल्या तोंडाने सांगू?

९ डिसेंबर

सांगितलं. सासूबाई रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत जातात. तिथे त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली आहे, तिला भरवून येतात. रस्ता चार पदरी, आणि यांचे गुडघे हे असे. दुभाजकावर उभ्या राहून गाड्यांना शिव्या घालतात. त्या पलीकडे पोचेपर्यंत मी खिडकी सोडत नाही. सिग्नल हवाय तो यांच्यासाठीच.

"एक जखमी कमी पडतोय, आई."

"मग कुणाची वाट बघताय?"

मी भाजी ढवळत राहिले.

१२ डिसेंबर

ऑफिसात केक कापला. शहरातले अपघात अठरा टक्क्यांनी घटले! कसे घटले ते मला विचारा. पोलिसांचा फॉर्म पूर्वी एक पानाचा होता, यंदा नऊ पानांचा केला. आमच्याकडे कागद आणून देणारा हवालदार म्हणतो, "एवढं लिहीपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जातो, मॅडम. मग कशाला लिहा?" फॉर्म चौदा पानांचा केला तर पुढच्या वर्षी शहरात कुणाला साधं खरचटणारही नाही. साहेबांना हे बोलले नाही. ते खरंच करतील.

केक बरा होता.

१५ डिसेंबर

चौकात धडक! मी पायात चपला न घालता खाली धावले. मोटरसायकलवरचा एक तरुण पडला होता. कोपर सोललेलं, कपाळाला खोक. कोपऱ्यावरचा किराणावाला त्याला पाणी पाजत होता. मला बघून म्हणाला, "ताई, झाले का तीन?" हल्ली अख्ख्या चौकाला आकडा पाठ आहे.

मी तरुणाला म्हटलं, हॉस्पिटलमध्ये जा, एक रात्र राहा. चोवीस तास अॅडमिट असेल तरच जखमी, नाहीतर नुसता किरकोळ.

"मला काही झालं नाही, ताई."

"असं कसं? नीट बघा."

त्याने माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही डॉक्टर आहात का?" काय सांगणार, कप्पाळ?

१६ डिसेंबर

टाके घालून घरी गेला. किरकोळ.

२० डिसेंबर

एकतीसला वर्ष संपतं आणि आकडा शून्यावर येतो. म्हणजे त्या दोघांची हाडं मोडली ती फुकटच. जेवताना हे बोलले तर नवरा म्हणाला, "दुकानातल्या स्कीमसारखं काय बोलतेस?" मी चिडले. तो बरोबर बोलला म्हणूनच चिडले.

त्याआधी दुपारी साहेबांना विचारलं होतं – समजा, कुणी दगावलं तर?

"मृत्यू आपल्याकडे नाहीत. त्यांची समिती वेगळी."

"पण आधी जखमी झालाच असेल ना तो?"

"मेल्यावर कसला जखमी, बाई?"

दोघंही हसलो. जिना उतरताना मात्र माझी मलाच लाज वाटली.

२४ डिसेंबर

सासूबाईंना म्हटलं, काही दिवस मावशींकडे मी जाते, तुम्ही घरीच थांबा.

"तू घाईघाईने भरवतेस. ठसका लागतो तिला." डबा उचलला आणि निघाल्या. ऐकतील तर शपथ.

मी खिडकीत. त्या दुभाजकापर्यंत गेल्या, थांबल्या, शिव्या घालून झाल्या, पलीकडे पोचल्या. वर बघून हात केला. जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मागे एक टेम्पो करकचून थांबला आणि कुणी पडलं का म्हणून मी वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. हायसं वाटलं की हिरमोड झाला? इथे तरी खोटं कशाला लिहू. हिरमोड झाला.

२७ डिसेंबर

काही नाही. अजून दोनच.

२९ डिसेंबर

संध्याकाळी ऑफिस सुटता सुटता किराणावाल्याचा फोन. "ताई, चौकात कारने उडवलं–" मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. पेन घेतलं. चालत होतं की गाडीवर? चालत. बाई की पुरुष? बाई. वय? सत्तरीच्या पुढे. काय मोडलं? मांडीचं हाड. अॅडमिट केलं? केलं. चोवीस तास ठेवतील ना? "ठेवतीलच की, ताई."

"चला, झाले एकदाचे तीन!" मी म्हटलं. साहेब दारातून निघाले होते, त्यांना तीन बोटं दाखवली. त्यांनी मान डोलावली.

फोन अजून कानालाच होता. किराणावाला हळूच म्हणाला, "ताई, कोण ते नाही विचारलंत."