नाण्याएवढी फट

प्रिय बाय,

त्या सकाळी नळाला पाणी उशिरा आलं. मी दोन कळशा भरल्या, उकडे तांदूळ चुलीवर चढवले आणि चिंच घेऊन पायरीवर समई घासत बसले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, म्हणून तुझे बाबा फणसाखाली मोटारसायकल धूत होते. पुढचा पिवळा मडगार्ड त्यांनी नारळाच्या सोडणाने इतका घासला, की मी म्हटलं, “पुरे आता. रंग गेला तर भाड्याचा पायलट म्हणून ओळखून मागे बसणार कोण तुमच्या?” ते म्हणाले, “थोबाड बघून ओळखतील.” तू दारात वेणी घालत होतीस, तू हसलीस. तुला हे आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. मला मात्र त्या दिवसातली एकेक गोष्ट आठवते. समईच्या मानेवर राहिलेला काळा डागसुद्धा.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. सर्वेशला तू नकार दिलास. मुलगा चांगला आहे, तुला जपतो, हे तूच आधी लिहिलं होतंस. चवथीला मित्रांबरोबर त्याने थोडी घेतली आणि तू विषय संपवलास. तू लिहितेस, ‘आई, मला तुझ्यासारखं धक्क्यावर उभं राहून नदीकडे बघायचं नाही.’ बाय, या वाक्याला मला उत्तर द्यायचं आहे. पण त्याआधी तुला मोटारसायकलच्या मुठींबद्दल सांगायला हवं. वाचून झाल्यावर तू मला पुन्हा पत्र लिहिणार नाहीस, असंही होईल. ते धरूनच लिहायला बसले आहे.

दिवसभर हँडल धरून बाबांच्या हातांना मुंग्या यायच्या, हे तू पाहिलंयस. जेवताना घास बोटांतून सुटायचा. मग म्हणायचे, “आज भातच पळपुटा आहे.” त्याआधीच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून त्यांनी नव्या मऊ ग्रिपा आणल्या आणि हँडलच्या दोन टोकांना बसवायची लोखंडी वजनं आणली. सुपारीएवढी होती, चकचकीत. ती बसवली की हँडलची थरथर कमी होते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. धुऊन झाल्यावर त्यांनी डाव्या बाजूची जुनी ग्रिप ब्लेडने उभी चिरून काढली, नळी पुसली आणि साबणाचं पाणी लावून नवी ग्रिप पिळत पिळत आत सरकवली. मी विचारलं, खोबरेल नाही का चालणार? “तेल लावलं तर ग्रिप जन्मभर फिरत राहील. साबण सुकतो, धरून ठेवतो.” मग टोकाला वजन घातलं, ग्रिपला अगदी चिकटवून, आणि स्क्रू आवळला. तेवढ्यात फाटकावर शाळेच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांना पणजीला जायचं होतं. “उजवी राहू दे, संध्याकाळी बघतो,” म्हणत बाबा गेले.

दुपारी जेवून ते चटईवर आडवे झाले. मी नेहमीसारखी त्यांच्या मनगटांना फेणी चोळली. हे तुला ठाऊक नव्हतं. तू तेव्हा आतल्या खोलीत अभ्यास करत असायचीस. त्याआधीची दोन वर्षं रोज दुपारी मी वाटीभर फेणी त्यांच्या हातांवर जिरवत होते. नवरात्रात ते दारूला शिवत नसत आणि एरवीही वर्षातून दोनदा घेतली तर घेतली. त्यांना झोप लागली. मी बाहेर येऊन पाहिलं, तर मोटारसायकल एका हातात नवी बांगडी घातलेल्या बाईसारखी दिसत होती. मला वाटलं, उठतील तेव्हा दोन्ही बाजू तयार असाव्यात. तसं आश्चर्य मी त्यांना लग्नानंतर कधी दिलं नव्हतं.

जुन्या उजव्या ग्रिपला त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. ब्लेड लावण्याआधी मी त्यात माझा अंगठा ठेवून पाहिला. मग चिरली, पुसलं, साबण लावला, नवी सरकवली. वजन बसवलं, तर ग्रिप आणि वजन यांच्यामध्ये बारीक फट राहिली. डावीकडे फट नव्हती. तुला माझा स्वभाव माहीत आहे, मला फट बघवत नाही. खिडकीच्या फटीतसुद्धा मी कागद कोंबते. मी ग्रिप बाहेर ओढून वजनाला टेकवली, स्क्रू जीव लावून आवळला आणि समोर उभी राहून पाहिलं. दोन्ही बाजू अगदी सारख्या. पाकिटात एक चित्रांचा कागद होता, त्यावर इंग्रजीत काही छापलं होतं. मी चौथी शिकलेली. देवळाच्या वाचनालयातली मराठी पुस्तकं वाचून पुढचं शिकले. इंग्रजी मला येत नव्हतं. कागद घडी घालून पुस्तकात ठेवला, खूण म्हणून.

चारला बाबा उठले. बघून एवढे खूश झाले. “अगे, तू मिनीनच्या पोटावर पाय आणणार!” मिनीन म्हणजे नदीपलीकडच्या त्यांच्याच स्टँडवरचा पायलट, सगळ्यांच्या गाड्या दुरुस्त करायचा, हे तुला आठवत असेल. तू हेल्मेट आणून दिलंस. त्यांनी उजवी मूठ पिळून पाहिली आणि म्हणाले, “जरा जड जातेय.”

मी म्हटलं, “नवी आहे. चप्पलसुद्धा आधी चावते. होईल सैल.”

“बरं, स्टँडवर बघतो,” म्हणाले आणि गेले.

पुढचं तुला माहीत आहे, पण जसं सांगितलं गेलं तसं. धक्क्याच्या उतारावर ते रांगेत पहिले होते. त्यांच्या पुढे मासळीची रिकामी पाटी घेतलेली एक बाई उभी होती. फेरीबोट अजून वीस हात लांब होती. बोट येतेय म्हणून त्यांनी गाडी सुरू केली, गिअर टाकला, थोडी रेस दिली. ती रेस परत आली नाही. मिनीन त्यांच्या मागेच होता. त्याने सांगितलं, “इंजिन ओरडायला लागलं, वयनी, आणि गाडी एकदम सुटली. बाईला चुकवायला गुरुदासने हँडल वळवलं.” उताराच्या कडेवरून ते पाण्यात गेले. ओहोटी होती, खाली चिखल होता. सापडले ते सकाळी.

मिनीनच्या तोंडून ‘इंजिन ओरडायला लागलं’ हे ऐकलं तेव्हाच माझ्या उजव्या हाताला कळलं. मनाला कळायला वेळ लागला, पण हाताला तेव्हाच कळलं. तो स्क्रू मी किती आवळला होता ते हातालाच ठाऊक होतं.

मग पोलीस घरी आले. बोट लागायच्या आधी शुद्धीतला माणूस नदीत गाडी घालेल कशाला, असं त्यांचं म्हणणं. घेतली होती का, असं त्यांनी विचारलं. मी भिंतीला टेकून बसले होते. तू रडत होतीस आणि जे खरं होतं ते सांगितलंस, की हेल्मेट देताना बाबांना फेणीचा वास येत होता. फळीवर बाटली होती. त्यांनी ती पाहिली आणि लिहून घेतलं. तेव्हा मी एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, ती फेणी मनगटांवर होती, पोटात नव्हती. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग गाडी सुटली कशी? मी गप्प बसले. तू बोललीस त्याच्या आड मी लपले, बाय. चौदा वर्षांच्या पोरीच्या आड.

आठ महिन्यांनी पोलिसांकडून मोटारसायकल परत मिळाली. मिनीनने ती ढकलत आणून पडवीत लावली. उजवी मूठ त्याने पिळली आणि सोडली. ती सोडली तिथेच राहिली. त्याने टोक बघितलं आणि कपाळावर हात मारला. “हे कसं केलं गुरुदासने? डावी फिरत नाही, ती चिकटली तर चालते. उजवी फिरते. वजन आणि ग्रिपमध्ये एक नाणं जाईल एवढी फट ठेवायची असते, नाहीतर रेस अडकते. इतका शहाणा माणूस!” आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “त्या दिवशी खरंच घेतली असणार, वयनी. नाहीतर त्याच्या हातून असं होणार नाही.” तेव्हाही मी गप्प. गाडी घेऊन जा, दुरुस्त कर, असंही म्हणाले नाही. तो गेल्यावर मीच मूठ मागे फिरवून ठेवली.

तेव्हापासून नऊ वर्षं झाली. रोज दुपारी गाव झोपतं तेव्हा मी पडवीत जाते. मूठ पिळते, सोडते. ती परत येत नाही. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी तिथेच थांबते. मग माझ्या हाताने मागे आणते. किती वेळा वाटलं, एक स्क्रू सैल करायचा, काय कठीण आहे? पण ती मूठ मोकळी झाली तर त्यांनी धरलेलं शेवटचं काही उरणार नाही, असं वाटायचं. पहाटेच्या फेरीबोटीचं इंजिन चढलं की अजून माझी बोटं आपोआप मिटतात. मधल्या काळात तुझ्या शाळेच्या पुस्तकांवरून मी इंग्रजी अक्षरं शिकले. तू मंगळुरूला नर्सिंगला गेल्यावर तुझा शब्दकोश घेऊन बसायचे. तू फोनवर म्हणायचीस, “आई, या वयात इंग्रजी? मॅडम होणार की काय?” मला एकच कागद वाचायचा होता. त्यावर उजव्या मुठीचं चित्र आहे, फटीकडे बाण आहे, आणि खाली लिहिलंय की मूठ सोडल्यावर आपोआप परत यायला हवी, नाहीतर गाडी चालवू नका. एवढंच. तो कागद या पत्रासोबत ठेवला आहे.

दर खंडेनवमीला स्टँडवर गाड्यांची पूजा होते तेव्हा वारलेल्या पायलटांचे फोटो रांगेने मांडतात. तुझ्या बाबांचा फोटो त्यात कधी ठेवला नाही. पिऊन मेलेल्याचा फोटो पूजेत नको, असं ठरलं. मी तेही चालवून घेतलं. म्हटलं, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं, की ज्या माणसाने प्यायलीच नाही त्याच्या भीतीने तू जन्म काढणार आहेस. सर्वेशशी लग्न कर असं मी सांगत नाही. नको असेल तर नको. पण नाही म्हणायचं तर त्याच्याकडे बघून म्हण. बाबांमुळे म्हणू नकोस. आणि तू पोलिसांना जे सांगितलंस ते खरं होतं. खोटी मी होते. हे एवढं सांगायला पत्र लिहिलं.

काल हे पत्र इथवर आलं आणि मी पेन ठेवलं. पडवीत जाऊन स्क्रू सैल केला. गंजला होता, अर्धा तास लागला. मध्ये नाणं धरून वजन पुन्हा आवळलं, नाणं काढलं आणि मूठ पिळून सोडली. ती टकदिशी जागेवर परत आली. आज खंडेनवमी. सकाळी साडेसातच्या बोटीने मी मोटारसायकल ढकलत पलीकडे नेली, स्टँडवर मिनीनच्या गाडीशेजारी उभी केली, बाबांचा फोटो सीटवर ठेवला आणि सगळे जमले होते त्यांच्यासमोर सांगितलं, की उजवी मूठ मी बसवली होती.

तुझीच,
आई