मदतीची शून्य पायरी

६ एप्रिल १९८७, सोमवार. सकाळी ११.
दूध संघाच्या कार्यालयातील संगणक अखेर सुरू झाला. सोलापूरचा माणूस दोन तास शिकवून गेला. मी उपस्थित राहिलो नाही. अधीक्षकाने टंकलेखकाशेजारी स्टुलावर बसून शिकणे शिस्तीस धरून नाही. शिवाय लिहिण्याच्या प्रोग्राममध्येच मदत अंतर्भूत आहे. कंट्रोल या कळीसह ‘जे’ हे इंग्रजी अक्षर दाबले की सर्व काही इंग्रजीत पडद्यावर येते. बी.ए. झालेल्या माणसास आणखी काय हवे?
संकल्प : सौ. चांगुणाचे वर्षश्राद्ध ५ मे रोजी. (कै. लिहिण्याची सवय अद्याप जडलेली नाही.) निमंत्रणे मी स्वतः या यंत्रावर करणार. तिच्या माहेरची, तेर गावाजवळच्या वाडीतली, अकरा घरे. गेल्या वर्षी तेराव्यानंतर त्यांपैकी कोणीही माझा उंबरा चढलेले नाही. पत्र नीटनेटके असल्यास येतील.

८ एप्रिल.
मदतीत एक तास. मदत कशी उघडावी, याची मदत सापडली. ती बंद कशी करावी, याची सापडली नाही. दरम्यान पत्राचा मायना टंकिला होता. तो कोठे गेला, याविषयी यंत्र मौन बाळगून आहे.

९ एप्रिल.
मच्छिंद्र शिपायाने विचारले, साहेब, ह्याच्यावर बातम्या कवा लागत्यात? त्यास चहा आणावयास धाडले.

११ एप्रिल, शनिवार.
मोठी प्रगती. मदतीच्या चार पायऱ्या आहेत. तिसरी नवशिक्यांची, तीत सर्व आज्ञांची यादी पडद्यावर सतत दिसते. शून्य पायरी निष्णातांची. शून्य निवडली. पडदा एकदम स्वच्छ. सहाव्या दिवशी निष्णात.

१३ एप्रिल.
पुन्हा तिसऱ्या पायरीवर यावयाचे असल्यास कृती मदतीतच दिलेली होती. शून्यावर ती दिसत नाही. टिपून ठेवण्याची आवश्यकता वाटली नव्हती. दोष प्रोग्राम रचणाऱ्याचा.

१५ एप्रिल.
टंकलेखक आयुबने पडदा पाहिला. म्हणाला, साहेब, मदत तुमीच घालवली व्हय? इचारा की, आमी काय खातो का? प्रोग्रामची परीक्षा घेत आहे, असे सांगितले.
आयुब सज्जन, परंतु आगाऊ. सौ. अत्यवस्थ असतानाही त्याने असेच केले होते. म्हणाला होता, संघाची जीप दारात हुबी हाय, चेअरमनसाहेबांना एक शब्द टाका आन् बाईंना सोलापूरला न्या. जीप अधीक्षकाच्या खाजगी कामासाठी नसते. मी रीतसर अर्ज केला. अर्ज तिसऱ्या दिवशी मंजूर झाला. ती दुसऱ्या दिवशी गेली. प्रक्रियेत माझ्याकडून कोणतीही त्रुटी राहिलेली नाही.

२० एप्रिल.
पत्र पुन्हा टंकिले. हरवलेली मदत शोधण्यासाठी कंट्रोलसह एकेक अक्षर दाबण्याची पद्धतशीर योजना. आरंभ शेवटच्या अक्षरांकडून. ‘वाय’ दाबताच एक ओळ नाहीशी झाली. पडताळणीसाठी पुन्हा दाबले. दुसरीही गेली. सहा वेळा पडताळले. पत्रात आता माझे नाव व पदनाम एवढेच शिल्लक.

२२ एप्रिल.
वेळेअभावी आयुबला पत्र पूर्ण करण्याची अनुमती दिली. त्याने दोन कळा दाबल्या, आकडा दाबला. सारी यादी परत आली. कोणत्या कळा, हे मी विचारले नाही.
तो म्हणाला, साहेब, इंग्रजीत? सरुबाईंना कोन वाचून दावनार? हातानं दोन वळी मराठीत लिवा. सरुबाई म्हणजे सौ.ची थोरली बहीण. माहेरी शब्द चालतो तो तिचाच. यंत्रास मराठी येत नाही, हे त्याला समजावून सांगितले. अकरा प्रती. संघाची छापील पाकिटे. रजिस्टर पोस्ट.

३० एप्रिल.
दहा पाकिटे परत. शेरा : घेण्यास नकार. मच्छिंद्र त्याच भागातला. म्हणाला, दुष्काळी कामातनं पाझर तलाव धरलाय, साहेब, जमिनी घ्यायच्या नोटिसा सुटल्यात. इंग्रजी टायपाचं रजिस्टर घेतलं की जमीन गेली, म्हून गावानं कुनीच घ्यायचं न्हाय असं ठरवलंय.
म्हणजे निव्वळ गैरसमज. माझ्याशी संबंध नाही. सरुबाईंचे पाकीट परत आलेले नाही, हे विशेष. त्या आल्या की सर्व येतील.

४ मे.
अकरावे परत.
आयुब म्हणाला, द्या इकडं, उद्या पहिल्या एस.टी.नं जाऊन समजावतो, दुपारपातूर घेऊनच येतो त्यांना. अनुमती दिली. चाळीस पानांचा स्वयंपाक सांगितला.

५ मे, मंगळवार. दुपारी २.
भटजी विधी आटोपून गेले. पत्रावळी मांडलेल्या. आयुब एकटाच उतरला.
म्हणाला, पाकीट फोडून समदं मराठीत सांगितलं. तलावाची नोटीस न्हाय म्हनलं, तुमचं नाव घेतलं. सरुबाईंनी शेवटपातूर ऐकून घेतलं. मग म्हनल्या, व्हय, पोस्टमननं बी पाकिटावरलं त्यांचं नाव वाचून दावलं व्हतं. आमचं आता तिथं कोन बी न्हाय.
इंग्रजी पत्रामुळे त्यांचा अवमान झाला असावा, असे मी म्हणालो. आयुब मोरीकडे गेला. पाय धुऊन आला.
माझ्याविषयी आणखी काही म्हणाल्या का, असे मी त्याला विचारले. कशा आहेत, रागावल्या होत्या का, रडल्या का, हेही विचारले.
तो म्हणाला, साहेब, बसा, भात निवलाय.