वेगळा उंडा

सोम. १५ जून १९६४. उंद्री, शाळेत.
आज शाळा उघडली. ही वही शाळेच्या कपाटात राहणार. किल्ली माझ्याकडे असते, सुट्टीच्या दिवशीही उघडता येतं. घरी चार लेकरं आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. तिथं दोन ओळी लिहाव्या म्हटलं तरी कुणीतरी मांडीवर येऊन बसतं.
काल चिखलीला डॉक्टरांकडे जाऊन आले. बेंबीवरची गाठ हर्नियाच निघाली. धाकट्या बंडूच्या बाळंतपणापासूनची आहे, म्हणजे दोन वर्षं. खोकलं की बाहेर येते, आडवं होऊन दाबली की आत जाते. डॉक्टर म्हणाले, "एक दिवस आत जाणार नाही बाई. मग बुलढाण्याला न्यायलासुद्धा वेळ मिळायचा नाही." मी म्हटलं मग कापा. तर म्हणे इतक्या चरबीवर टाके धरत नाहीत. सत्तर किलोच्या आत या, मग बुलढाण्याच्या दवाखान्याची चिठ्ठी देतो. दिवाळीपर्यंत या. एका वेळी एकच भाकर, रोज दोन मैल चालणं, घागर उचलायची नाही, पोर कडेवर घ्यायचं नाही.
पोर कडेवर घ्यायचं नाही म्हणे. बंडूला कोण सांगणार?

मंगळ. १६ जून.
काल वजनाचं लिहायचं राहिलं. डॉक्टरांकडे बाळांचाच काटा. म्हणून बाजारात मामाकडे गेले. मामा अडतीवर मापारी, दिवसभर गोण्या तोलतात. रविवार म्हणून हमाल नव्हते, तेवढं बरं. "भाची, गोणीवानी सरळ उभी राय, हालू नको." ८१ किलो. मामांनी लगेच जुन्या हिशेबात सांगितलं, दोन मण सात शेर. मी म्हटलं मामा, मण आता बंद झाले. ते म्हणाले, "मण बंद झाले, तू तर तेवढीच हाय."
घरी सगळं सांगितलं. आत्याबाईंनी दोनदा विचारलं.
"अन् सत्तरच्या आत नाई आली तर?"
"तर कापणार नाहीत."
"बरं."
आजपासून भाकरी मांडणार. सकाळी १, डब्यात १, रात्री १. आज रात्री १॥ झाली. लेकरांची उष्टी वेगळी, ती धरली नाहीत. अन्न टाकवत नाही.

गुरु. २ जुलै.
चालायचं कुठं, हा मोठाच प्रश्न. गावात कामाशिवाय चालणारी बाई म्हणजे डोक्यावर परिणाम झालेली. पहिल्या दिवशी देवळापर्यंत गेले तर पाच जणींनी विचारलं, "काऊन व बाई, कोणाचं काई झालं का?" मग युक्ती केली. हजेरीचं रजिस्टर काखेत मारायचं आणि शाळा सुटल्यावर गैरहजर पोरांची घरं गाठायची. मळ्यातली घरं दूर आहेत. रोज दोन मैल सहज होतात.
पण पंधरा दिवसांत पोरं घाबरून शाळेत यायला लागली. काल फक्त दोन गैरहजर, त्यातला एक शाळेच्या मागेच राहतो. हेडमास्तर खूश. मी कुठं चालू आता?
भा. ३. बंडू कडेवर तीनदा.

रवि. १२ जुलै.
चिखली. ७९. मामांनी दोनदा तोललं. दोन किलो कमी. बाजारातून लेकरांसाठी खारे फुटाणे घेतले, मी एक तोंडात टाकला नाही. येताना गाडीत सारखं हसू येत होतं.
इतकं सोपं असेल तर दिवाळीची वाट कशाला पाहायची.

शुक्र. १७ जुलै.
विहिरीवर शेजारची सरसाबाई आत्याबाईंना म्हणाली, "तुमची मास्तरीण वाळून राह्यली. घरी काई कमी हाय का?" आत्याबाई घरी आल्या त्या भांडी आपटतच. "दोन पगार येते या घरात. लोक म्हणतीन सासू उपाशी ठेवते." मी म्हटलं लोकांना डॉक्टरांचं सांगा. तर म्हणाल्या, "पोटातल्या गाठीचं गावाले सांगू? लाज हाय का नाई?"
लाज मलाही आहे. गाठ मी त्यांना कधी दाखवली नाही. बाहेर आली की आतल्या खोलीत जाऊन दार लावते. लुगड्याखाली पट्टा बांधते तो वाळतसुद्धा धोतराच्या आड.
ह्यांचं पत्र आलं. संग्रामपूरकडे ग्रामसेवक आहेत, महिन्यातून एकदा येतात. लिहितात, तब्येतीची काळजी घे, नीट खात जा.
नीट खात जा. वा.

रवि. २ ऑगस्ट.
७९. तिथंच. भाकरी बरोबर ३, एक घासही वर नाही. उष्टंही सोडलं. लेकरांना अर्धी अर्धी वाढते, लागली तर पुन्हा. आत्याबाई बघत नाहीत असं दाखवतात आणि सगळं बघतात.
मामा म्हणाले काटा बरोबर आहे, सरकारी शिक्का आहे. काट्यालाच दोष द्यायचा विचार होता माझा, तो त्यांनी ओळखला.

सोम. १० ऑगस्ट.
श्रावण सोमवार. आजपासून सोमवार धरला, शिवाय गुरुवार. दोन दिवस भाकरच नाही म्हणजे हिशेब आपोआप खाली. आत्याबाईंनी उत्साहानं सगळं करून ठेवलं. भगर, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी, वर साबुदाणा. "उपास हाय, पोटभर खाय. देवाचं हाय." नाही कसं म्हणणार?
भा. ०. पण पोट गच्च.

रवि. १६ ऑगस्ट.
८०.
 मी खाली उतरले आणि त्यांच्या गोण्यांवर बसून रडले. पस्तिशीची बाई, चौथीच्या वर्गाची मास्तरीण, तुरीच्या गोणीवर बसून रडते आहे. मामांनी चहा मागवला. बिनसाखरेचा सांगितला, तेवढी आठवण त्यांना होती.
दोन महिने पोट मारलं. पळायचं म्हटलं तरी जागा नाही. शाळेत साठ पोरं, घरी चार. सकाळी सहाला उठते तेव्हापासून माझं शरीर सोडून सगळ्यांचं काही ना काही बघायचं असतं. आणि शरीर असं, की उपाशी ठेवलं तरी वाढतं.

शुक्र. २१ ऑगस्ट.
आज वर्गात गाठ बाहेर आली आणि आत जाईना. फळ्यावर लिहिताना हात वर केला एवढंच. पोरांना पाढे म्हणायला लावले आणि मागच्या खोलीत सतरंजीवर आडवी झाले. बाहेर साताचा पाढा, आठाचा पाढा. नवाच्या पाढ्याला गेली आत.
तेवढ्या वेळात एकच डोक्यात होतं. माझी थोरली, नलू, दहा वर्षांची आहे. आज काही झालं असतं तर उद्यापासून तिचीच शाळा सुटली असती.
घरी कुणाला बोलले नाही.

शुक्र. २८ ऑगस्ट.
लिहू की नको असं वाटत होतं. लिहितेच.
शाळेला नव्या मापांची पेटी आली आहे, लहान तराजू आणि ग्रॅमची वजनं. आज वर्गात पोरांनी घरून आणलेल्या वस्तू तोलल्या. कांदा, मिरच्या, कुणी तर खेटर आणलं. मग एकीनं विचारलं, "बाई, भाकर किती ग्रॅमची असते?" म्हटलं बघू. डब्यातली माझी भाकर ठेवली. २६० ग्रॅम. पोरांनी वहीत लिहून घेतलं, एक भाकर बरोबर २६०. मला शंका आली, कारण मापं शिकवणाऱ्या बाईनं एका वस्तूवरून नियम सांगू नये. म्हणून नलूच्या डब्यातली ठेवली. ती माझ्याच वर्गात आहे. एकाच तव्यावरची, एकाच हातची भाकर.
१२५.
पोरं हसली. "बाई, तुमची दुप्पट." नलू उभी राहिली. शाळेत ती मला बाईच म्हणते. "बाई, आजी तुमच्यासाठी पिठाचा वेगळा उंडा घेते. मोठा. अन् आतून लोणी लावते. मले म्हणे सांगू नको."
मी म्हटलं बस खाली. मग भाकरी डब्यात ठेवल्या आणि पुढची वस्तू तोलायला घेतली.
दोन महिने मी भाकरी मोजल्या. एकदाही हातात धरून पाहिली नाही. कशी पाहणार, डावा हात बंडूला भरवायला आणि डोळे घड्याळावर. वाढलं ते गिळलं आणि पळाले. पोरांना रोज शिकवते, नग वेगळा आणि वजन वेगळं.

शनि. २९ ऑगस्ट.
काल घरी गेल्यावर आत्याबाईंना विचारलं. वाटलं होतं, सरसाबाईच्या बोलण्यानं केलं असेल, अब्रूसाठी. मी तेच म्हटलं, लोकांसाठी तुम्ही मला मारायला निघालात. जास्तच बोलले.
त्या चुलीपुढून हलल्या नाहीत. म्हणाल्या, "लोकाइले जाळू दे. तूच सांगतलं, सत्तरच्या आत आली की कापतीन. नाई आली तर नाई कापत."
"मग?"
"मग काय मग. माही कमल कापायला नेली होती. परत आली ते चादरीत."
कमल म्हणजे ह्यांची थोरली बहीण. माझ्या लग्नाआधीच गेली. मला सांगितलं होतं तापानं गेली.
"ताप नंतर आला," म्हणाल्या. "कापल्यावर आला. तिचीबी लेकरं लहान होती. सहा महिन्यात दुसरी आणली त्यानं. तुले जाऊ देऊ मी? तू लठ्ठ राय. तू जड राय. पण राय."
मला राग आला तसाच राहिला आणि रडूही आलं.  मी म्हटलं, नाही कापलं तरी मी जाईन. त्यांनी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पटलं नाही.
उद्यापासून माझं मी करते म्हणावं, तर दहाला शाळा. त्याआधी पाणी, चार अंघोळी, दूध. चूल त्यांच्याकडे आहे म्हणून माझी नोकरी आहे. त्यांच्या हातचं सोडलं तर नोकरी जाते, खाल्लं तर चिठ्ठी मिळत नाही. कुठूनही गेलं तरी भिंतच.

गुरु. ३ सप्टें.
सहा दिवस झाले, दोघींचं बोलणं बंद. निरोप नलूमार्फत. "आजी म्हणते मीठ संपलं." "आईले सांग, दिसते मले."
डबा नेत नाही. दुपारी चक्कर येते. त्यानं काही साधत नाही हे कळतं, पण हट्ट आहे.

शनि. १२ सप्टें.
सकाळची शाळा. दुपारी घरी महालक्ष्म्या बसल्या. हे काल आले. मुखवटे त्यांनी चढवले, साड्या मी नेसवल्या, आत्याबाईंनी दागिने घातले. तिघांनाही एकमेकांशी बोलावं लागलंच. "पदर वर घ्या." "हाव." एवढंच.

सोम. १४ सप्टें. मधली सुट्टी.
काल महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, आंबील, वडे. आमच्या घरी रीत अशी की महालक्ष्मीचं अन्न उंबऱ्याबाहेर जात नाही. गाईलासुद्धा नाही. घरच्यांनीच संपवायचं.
आरतीनंतर आत्याबाई डोळे मिटून बराच वेळ उभ्या. ओठ हलत होते. काय मागत होत्या ते मला माहीत होतं. मी शेजारी उभी राहून नेमकं उलटं मागत होते. मुखवटे दोन आहेत म्हणून बरं. एकीनं त्यांचं ऐकावं, एकीनं माझं.
मला हे एवढं पान वाढून दिलं ह्यांनी. कौतुकानंच. "तीन महिन्यांत पोटभर जेवलेली पाहिली नाही तुला, बस." पान सोडायचं नाही, देवीचं आहे. जेवले. सगळं. शेवटचं पुरण आवरताना उचकी लागली आणि गाठ आली बाहेर.
आतल्या खोलीत गेले, पण दार लावायचं भान राहिलं नाही. आडवी झाले, दाबली, जाईना. घाम फुटला. ओकारी. आत्याबाई मागून आल्या. मी पदर ओढायला गेले, त्यांनी हात धरला. पहिल्यांदा पाहिलं त्यांनी. लिंबाएवढी, टणक, वरची कातडी लाल.
 तव्यावर फडकं गरम करून आणलं, शेकत बसल्या.  बाहेर हे लेकरांना विडा देत होते, बंडू गात होता. किती वेळ गेला कोण जाणे. माझं मलाच वाटलं, संपलं आता. मग एकदम सैल झाली आणि गेली आत.
फडकं त्यांच्या हातातच होतं. मग म्हणाल्या, "असं होते? रोज?"
"रोज नाही. होते."
"मले वाटे दुखते नुसती."
 उठल्या आणि राहिलेल्या पुरणाला झाकण घातलं.

आज सकाळी उठले तर डबा भरून दाराशी ठेवलेला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. निघताना त्या चुलीपुढं होत्या, पाठ माझ्याकडे. विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आज महालक्ष्म्या उठायच्या आहेत, त्याची घाई होती.
आता सुट्टीची दहा मिनिटं उरली. डबा टेबलावर आहे. उचलून आणताना जड वाटला की हलका, तेच आठवत नाही. बंडू दुसऱ्या हाताला लोंबकळत होता.
तराजू कपाटात आहे. नलू दोनदा दारात येऊन गेली. आत्ता म्हणाली, "बाई, डबा उघडा ना."
म्हटलं, थांब.