बोटीच्या पोटातला पैसा

कवठे येमाई, ता. शिरूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. प्रांजल हीस,
हौसरावमामाचे अनेक आशीर्वाद.

माझे कान पार गेलेत, फोनचा काय उपेग न्हाई. आन् मामीच्या फोनवर लिहिलंस की सगळी गल्ली वाचाया गोळा होती. तवा पत्रच बरं.

तू जोडतीस ती नौदलाची बोट ताशी सत्तर किलोमीटरनं पळती आन् तीनशे जवान, वर त्यांचे ट्रक नेती, हे पारावर सांगितलं. तिथं बसणाऱ्या आण्णाला पटंना. म्हणला, आपली यष्टी डांबरावर एवढी पळत न्हाई.

आपला सत्यजीत फौजेत जायला दौंडला रेल्वेत बसून गेला तो अजून समुद्रातल्या बेटावरच पहाऱ्याला हाय. उद्या तुझा हा मामेभाऊच त्या बोटीत बसंल. म्हणून पाकिटात तांब्याचा पैसा घातलाय, येमाईच्या पायाला लावून. विहीर बांधली तवा पहिल्या थरात असाच एक टाकला, घराच्या पायातबी टाकला. बोटीला पाया नसला तरी बूड असंलच की! तिथं ठेव.

तुझी वाट बघणारा,
हौसरावमामा

*

गोदी कामगार वसाहत, जि. रत्नागिरी
२२ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पैसा मिळाला, आणि ठेवलासुद्धा! आमच्याकडं आत जाताना खिसे रिकामे करावे लागतात. बोट हलकी तरच पळते, म्हणून सगळी अ‍ॅल्युमिनियमची. उरलेला बोल्टसुद्धा वजन करून परत द्यायचा. मी हातमोज्यात लपवून नेला. डावीकडच्या बुडाशी एक रिकामा कप्पा आहे, त्यात सरकवला आणि वरचा पत्रा मीच वेल्डिंग करून बंद केला. आता सत्यजीतदादाची काळजी सोडा.

आधी कारेगावात आणि मग इथं मिळून चार वर्षं कंत्राटावर काढली, पण जुलैमध्ये कायम होईन असं साहेब म्हणालेत. झाले की पेढे घेऊन येते. मामींना नमस्कार. माया पातळ करू नका.

तुमची,
प्रांजल

*

१८ मार्च २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, घोटाळा झालाय. हे मामींना वाचून दाखवू नका.

काल आमचा वर्ग होता. शिकवणाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर तांब्याची तार बांधून तो खारट पाण्यात बुडवून ठेवला होता. तो बाहेर काढला तर तारेखाली पांढरी पूड आणि खड्डे. तांबं लागलं आणि खारं पाणी मिळालं, की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं म्हणे. इथं येण्याआधी कारेगावात मी ट्रकच्या बॉड्या जोडायचे, तिथं खाऱ्या पाण्याचा संबंधच नव्हता. मला खरंच माहीत नव्हतं हो.

त्या कप्प्यात खारा ओलावा साचणारच. तो पुन्हा कित्येक वर्षं उघडत नाहीत. तोवर बुडाला भोक पडलं तर आत कोण असेल? पैसा ठेवताना मला कुणी पाहिलेलं नाही. गप्प बसले तर जुलैत कायम, बोलले तर बहुतेक घरी. काय करू, लवकर कळवा.

प्रांजल

*

कवठे येमाई
२५ मार्च २०२५

चि. प्रांजल,
अनेक आशीर्वाद.

सांग. दुसरं काय न्हाई, सांगून टाक. माझीच अक्कल शेण खायला गेली हुती. समुद्र कधी डोळ्यानं बघितला न्हाई आन् निघालो बोटीला पाया घालाया!

सोबत साहेबांना चिठ्ठी हाय. पैसा हौसरावनं पाठवला, पोरीनं थोरल्याचा शब्द पाळला, काय दंड करायचा तो माझ्यावर करा, असं लिहून खाली सही केलीय. नोकरी गेली तर घरी ये. झेंडूला माणसं मिळंनात. मामीला मी सांगितलं. ती रडली, पण सांगूच दे म्हणली.

चुकलो गं पोरी. राग धरू नकोस.

तुझा,
हौसरावमामा

*

गोदी कामगार वसाहत
६ एप्रिल २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आधीच मी सांगितलं होतं. साहेब जे बोलले ते लिहीत नाही. नौदलाचे तपासनीस आले, पत्रा कापला, पैसा काढला. त्याच्याखाली नखाएवढा पांढरा डाग पडला होता, अजून भोक नव्हतं. काम सहा दिवस अडलं.

मग तपासनीसांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, आणखी कुणी काही ठेवलंय का? मग ओडिशाचा एक वेल्डर म्हणाला, मी तांब्याची अंगठी ठेवलीय, आईची. मग रंगाऱ्यानं ताईत सांगितला. आणखी दोन कप्पे कापले.

नोकरी राहिली. पण जुलैचं कायम होणं गेलं, आणि वर्षभर मला वेल्डिंगला हात लावायचा नाही, फक्त घासकाम. माझा पत्रा दुसऱ्यानं बसवला, मी खाली उभी राहून बघत होते. तेवढं फार लागलं. तुमची चिठ्ठी साहेबांना दिली. त्यांनी दोनदा वाचली आणि फाईलला लावली.

मी रागावलेली नाही. लिहीत जा.

तुमची,
प्रांजल

*

कवठे येमाई
१९ एप्रिल २०२५

चि. प्रांजल,
अनेक आशीर्वाद.

सत्यजीतचा फोन आला हुता. मामीनं त्याला सगळं सांगितलं. मला ऐकू येत न्हाई, म्हणून तो काय म्हणला ते तिनं पाटीवर लिहून दाखवलं. मी म्हणलं, त्याला इचार, त्या बोटीत बसायचं भ्या वाटतंय का. तो म्हणला, बाकीच्या बोटीत कुणी काय लपवलंय कुणाला ठावं. हिच्यात बहिणीनं सांगून टाकलंय. बसायची पाळी आली तर त्या कापलेल्या पत्र्याच्या वरच अंथरूण टाकून निवांत झोपीन.

मामीनं पाटी अजून पुसू दिली न्हाई. सुट्टीला आलीस की वाच.

हौसरावमामा