पिवळे फिन्स

९ जानेवारी, शुक्रवार

पायात पोहायचे फिन्स घालून जिना! सहल बरोबर सहा आठवड्यांवर आली आणि नवऱ्याला बदक कसं चालतं ते आईला दाखवायची हौस आली. पहिल्या पाच पायऱ्या तो बदकासारखा उतरला. पुढच्या सात आपोआप झाल्या. सासूबाई तिसरीपर्यंत हसत होत्या.

उजवा घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, दहा आठवडे.

दवाखान्यातून परतताना रिक्षात तो म्हणाला, "तू जा गं, माझ्यासाठी अडू नकोस." मोठ्या मनाचा. पण मी अडणारच आहे. सहलवाल्यांचा नियमच आहे – देवमाशांजवळ एकट्याने पाण्यात उतरायचं नाही. जोडीदार हवा, आणि दोघांची पोहण्याची चाचणी झालेली हवी. नाहीतर बोटीवर बसून फवारे मोजा.

अकरा वर्षांची असताना शाळेच्या दारावर देवमाशाचा तक्ता विकायला एक बाई आली होती. तेव्हापासूनचं आहे हे. आता चव्वेचाळीस.

१० जानेवारी, शनिवार

सहलवाल्यांना फोन केला. एका माणसाचं नाव बदलून मिळेल, पण आठवड्याच्या आत कळवा. जोडीशिवाय जमेल का, असंही विचारून पाहिलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात नाही म्हणाली. गोड नकाराला उत्तर नसतं.

धाकट्या बहिणीला विचारलं. तिला बादलीत हात घालायचीही भीती वाटते. आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या मुलीला रजा नाही (ती माझ्या रजेमुळेच नाही). शेजारीण म्हणाली, मासा एवढा मोठा आणि तोंड उघडलं तर?

११ जानेवारी, रविवार

सकाळी चहा घेताना मी नवऱ्याला म्हटलं, सोडून देते. पेपरामागून आवाज आला, "मी येते."

पेपर खाली झाला. सासूबाई. वय अडुसष्ट.

नवरा म्हणाला, आई, तू? त्यांनी त्याच्याकडे न बघता मला सांगितलं की कॉलेजात त्या तलावाच्या चार फेऱ्या मारायच्या, आणि पायऱ्यांवर पाय मोडण्यापेक्षा पाणी बरं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार! एकोणीस वर्षांत आम्ही दोघी मिळून एक पडदाही एकमताने निवडलेला नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरांनी सासूबाईंना तपासलं. हृदय घड्याळासारखं. रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला. घरी येईपर्यंत हे त्यांनी चार जणांना सांगितलं.

पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. दिवसभर लोकांना जोडून द्यायचं आणि मधे स्वतः बोलायचं नाही. निवृत्तीनंतर त्या सगळ्याची भरपाई चालू आहे, आणि ऐकायला मी.

१७ जानेवारी, शनिवार

मास्क! सगळ्यांत मोठी काळजी तीच होती. मास्क चेहऱ्याला नीट बसला नाही तर पाणी आत येतं आणि मग सगळं मुसळ केरात. तपासायची पद्धत सोपी आहे – पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा, हात सोडायचा. चिकटून राहिला तर बसला.

खेळाच्या सामानाच्या दुकानातले तीन पडले. मग घरी नवऱ्याचा लावून पाहिला. चिकटला तो चिकटलाच. सासूबाईंनी मान हलवली, खोकल्या, हसल्या – ढिम्म हलला नाही. नवऱ्याचं नाक आईवर गेलंय हे आम्हाला माहीत होतं, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. त्याच्या मास्कला मी हौसेने नंबरची काच बसवून घेतलेली. ती बाहेरून करून येते, साडेतीन आठवडे वाट पाहिली होती. वाया गेली नाही म्हणायची.

सासूबाईंचा सहलीचा फॉर्मही भरून टाकला. हृदय – ठीक. दमा – नाही. कान – ठीक. चष्मा असल्यास मास्कला नंबरची काच – आहे. अठरा वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली आहेत, तो रकाना तरी माझा रिकामा राहायचा नाही. पाठवला.

फिन्स घ्यायला गेलो. मला काळे आवडले होते. सासूबाई म्हणाल्या, पिवळे घे, काळे दुखवट्याला. चारचौघांत वाद नको म्हणून पिवळे घेतले. त्यांनी काळे घेतले.

२२ जानेवारी, गुरुवार

तलावावरचे शिक्षक शिट्टीत बोलतात. एक शिट्टी – थांबा. दोन – वर या. लांब शिट्टी – काय चाललंय काय! आम्ही आपसांत त्यांना शिट्टीसरच म्हणतो.

सासूबाई खरंच पोहतात. सावकाश, पण मासोळीसारख्या. मी मात्र नळीतून श्वास घ्यायचा म्हटल्यावर घाबरून अर्धा तलाव प्यायले. "फुंकर मार, फुंकर. चूल पेटवल्यासारखी," त्या म्हणाल्या. जोरात फुंकलं की नळीतलं पाणी कारंज्यासारखं उडून जातं. जमलं!

आणि मोठा शोध – नळी तोंडात असली की सासूबाईंना बोलता येत नाही. पाऊण तास शांतता. मी नळीच्या शोधकर्त्याचे मनोमन आभार मानले.

२५ जानेवारी, रविवार

पाण्यात खुणांनी बोलायचं. अंगठा आणि बोट जुळवून गोल – सगळं ठीक. मूठ – थांब. पंजा आडवा धरून हलवला – काहीतरी बिनसलंय.

आज जेवताना त्यांनी आमटीभाताचा घास घेतला आणि माझ्याकडे बघून पंजा हलवला. मी मीठ पुढे केलं. त्यांनी गोल दाखवला. एरवी या आमटीवरून अर्धा तास गेला असता – कुणाच्या माहेरी कशी करतात वगैरे. नवरा दोघींकडे बघत राहिला. "हे असंच राहणार असेल तर मी प्लास्टर काढतच नाही," म्हणाला.

२९ जानेवारी, गुरुवार

शिट्टीसरांनी तळाशी रंगीत कड्या टाकल्या. वरून तरंगत बघायचं आणि किती ते सांगायचं. मी म्हटलं सहा. सासूबाईंना विचारलं तर त्यांनी डोळे पुसत सांगितलं, "ती म्हणेल ते. आमच्यात दोन मतं नसतात."

मी बुडता बुडता राहिले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

घरी येताना मी सहज म्हटलं, कड्यांवर आकडे पण होते, तीन नंबरचा थोडा खरवडलाय.  त्या विचारू लागल्या, सहलीला नक्की किती दिवस उरले, तिथे गरम पाणी मिळतं का, नवऱ्याची काच यायला किती वेळ लागला होता. साडेतीन आठवडे, सांगितलं ना तेव्हा. घरी आल्यावर कॅलेंडरपुढे उभ्या होत्या बराच वेळ. दमल्या असतील.

७ फेब्रुवारी, शनिवार

नापास!

पाण्यात स्थिर तरंगायचं, हातपाय न आपटता, दहा मिनिटं. जोडीत एका हाताचं अंतर ठेवायचं. मी स्थिर होते. सासूबाई माझ्या पायांना चिकटून. मी हळूच सरकले की त्याही सरकायच्या. एकदा माझ्या फिनचा फटका त्यांच्या मास्कवर बसला, तरी मागे हटेनात. परतताना शिडीवर डोकं आपटलं ते वेगळंच, आणि वर शिडीलाच बोलल्या.

शिट्टीसर आज शिट्टीशिवाय बोलले. म्हणाले, आजी उत्तम पोहतात, पण अंतर राखलं नाही तर सही करणार नाही. पुढच्या शनिवारी शेवटची संधी.

८ फेब्रुवारी, रविवार

भांडले. नको होतं, पण भांडले. म्हटलं, आई, घरात स्वयंपाकघरात माझ्या मागे, पाण्यातही मागेच, एक हात लांब राहायला काय होतं?

वाटलं आता निवृत्तीनंतरचा सगळा साठा बाहेर येणार.  त्या नुसत्या घड्या घालत बसल्या. नवऱ्याचे कपडे, माझे, टॉवेल. मग म्हणाल्या, "मी बोटीवर बसले असते गं आनंदाने. पण मग तुझंही राहील ना."

 मी टॉवेलाचं दुसरं टोक धरलं.

संध्याकाळी त्यांनीच तोडगा काढला. मागे नको तर शेजारी. हात धरून. हात धरला की अंतर आपोआप एका हाताचंच होतं! शिट्टीसरांना फोन करून विचारलं.  म्हणाले, नियमात बसतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पास! दोघी! अकरा मिनिटं!

सहीचा कागद सासूबाईंनी फ्रिजवर लावलाय. नवरा म्हणतो, माझा दहावीचा निकाल इथे कधी लागला नव्हता. "लावण्यासारखा नव्हता," इति मातोश्री.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सामान भरलं. मळमळीच्या गोळ्या, टोप्या, दोन टॉवेल, बाही असलेले पोहण्याचे कपडे. सासूबाईंनी चष्म्याला दोरी लावून घेतली, वाऱ्याने उडू नये म्हणून. नवऱ्याला डबे कुठे कुठे आहेत ते लिहून दिलं. त्याने गोल दाखवला, पण चेहरा पंजा हलवल्यासारखा होता.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बोट. सकाळी सहाला निघालो. गोळी घेऊनही मी कठड्याला धरून बसले, रंग दुधी भोपळ्यासारखा. सासूबाई डेकच्या टोकाला, चष्मा दोरीला, पदर खोचावा तसा टॉवेल खोचून. पहिला फवारा त्यांनीच पाहिला! बोटीवरची मार्गदर्शक ताई दुर्बीण लावून दुसरीकडे बघत होती. "डावीकडे, डावीकडे, तो गेला बघ!" सगळी बोट डावीकडे झाली. मग शेपटी वर आली. पाणी तिच्यावरून झालरीसारखं गळलं आणि ती आवाज न करता आत गेली.

मी रडले. थोडं मळमळीमुळे.

दुपारी खडकांजवळ पाण्यात. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे मासे, आणि एक कासव माझ्याखालून असं गेलं की जणू त्याला बाजारात पोचायचंय. वर आल्यावर सासूबाईंना विचारलं, पाहिलंत? "छान होतं," म्हणाल्या. एवढंच. एरवी दाराच्या बेलवर दहा मिनिटं बोलणारी बाई!

२२ फेब्रुवारी, रविवार

आज.

ताईने बोटीचं इंजिन बंद करायला लावलं. चौघींना सोडलं, दोन जोड्या. पाय मारायचे नाहीत, देवमाशाच्या मादीच्या मागे जायचं नाही. तिला वाटलं तर ती येईल, आम्ही नुसतं असायचं. सासूबाईंनी माझा हात धरला.

खाली निळं. आणखी निळं. मग त्या निळ्यातला एक तुकडा गडद झाला, आणि मोठा होतच राहिला. मला वाटलं आता संपेल – संपेचना. तिच्या कुशीला पिल्लू. पिल्लूच केवढं, आमच्या बोटीएवढं! ती तिरकी झाली, आणि तिचा डोळा आमच्यासमोरून गेला. सावकाश. बघत गेला. तक्त्यावर डोळा म्हणजे एक ठिपका होता.

सासूबाईंनी हात असा आवळला की बोटं अजून दुखताहेत. मी खूण केली – ठीक? त्यांनी गोल दाखवला. मग पुन्हा दाखवला. तीनदा.

बोटीवर तासभर गप्प होत्या. नळी तोंडात नसताना.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवऱ्याचा मास्क पुसायला दुकानात नेला होता. हात रिकामा होता म्हणून काच नंबर मोजायच्या यंत्राखाली धरली. मायनस दोन. अर्थातच, नवऱ्याचा नंबर. मग खुर्चीत बसले.

सासूबाईंचा मायनस सात. तो चष्मा मीच करते, दर दोन वर्षांनी.

लवकर घरी आले. त्या भाजी निवडत होत्या. आई, पाण्यात तुम्हाला काय दिसत होतं?

"आधी वाटलं पाण्यात सगळ्यांना असंच दिसतं. मग तू ते कड्यांवरचे आकडे सांगितलेस. पण नवी काच यायला वेळ नव्हता, मी मोजलं. सांगितलं असतं तर तू मला घेऊन उतरली नसतीस."

आणि मासे? कासव?

"तुझे पिवळे पाय दिसायचे. तेवढं पुरे होतं."

 त्यांनी माझ्याकडे बघून बोट आणि अंगठा जुळवला, आणि पुन्हा भाजीकडे वळल्या.

"ती मात्र दिसली हं. डोळ्यासकट. तेवढ्या मोठीला चष्मा कशाला?"