झाकणावरचे त्र्याण्णव

४ फेब्रुवारी

कुणीतरी माझ्या मुलाच्या गाडीत भलतंच पेट्रोल भरलं आहे!

रविवारची फेरी मारायला काढली. पुलाच्या चढावर पाय दाबला आणि इंजिनातून खडखड सुरू — पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. पेट्रोलचा काटा मागच्या रविवारपेक्षा वर. आणि सीट पुढे ओढलेली, माझे गुडघे डॅशबोर्डला लागले.

घरात गाडी चालवणारे आता दोनच. मी आणि जावई. एक किल्ली माझ्या खिशात. दुसरी मुलगा गेल्यापासून सापडत नव्हती. आता कळलं कुठे आहे!

५ फेब्रुवारी

दुकानातून जावयाला फोन केला. आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाला, "हो बाबा. मीच भरलं. पंच्याण्णव."

"का?"

"पेट्रोलच्या झाकणाच्या आत त्र्याण्णव लिहिलंय ना. पंच्याण्णव म्हणजे दोन जास्तच की."

इंजिनियर माणूस! ती गाडी ज्या देशातून आणली तिथे पेट्रोलचा ऑक्टेन आकडा वेगळ्या रीतीने काढतात. दोन चाचण्या घेतात आणि सरासरी छापतात. आपल्या पंपांवर एकाच चाचणीचा आकडा असतो. त्यांचे त्र्याण्णव म्हणजे आपले अठ्ठ्याण्णव. हे मला मुलानेच सांगितलं होतं, गाडी आणली त्याच दिवशी. "बाबा, पाव नंबर चुकला तरी तुम्ही काच बदलून देता ना? मग हिला पाच नंबर कमी कसं पाजू?"

मी चष्म्याचा दुकानदार. मला पटलं होतं.

दुसरी किल्ली परत मागितली. म्हणे, "माझ्याकडे नाही." सरळ खोटं! ठेवून दिला फोन.

६ फेब्रुवारी

मेस्त्रीकडे नेली. तो म्हणतो, इंजिन स्वतःला सावरून घेतं, एका टाकीने काही जळत नाही. पण हाच प्रकार चालू ठेवला, वर गाडी दामटली, तर पिस्टन जातील. "काढायचं कशाला साहेब? वरून अठ्ठ्याण्णव भरा, मिसळेल."

काढा म्हटलं म्हणजे काढा.

त्याने पाईप लावून सगळं कॅनमध्ये उपसलं. मग विचारलं, "मुलगा... हिच्यातच गेला का?" सगळे हेच विचारतात. नाही! ऑफिसात गेला, खुर्चीत बसल्या बसल्या. समोर चहा होता. गाडी खाली पार्किंगमध्ये उभी होती, धुतलेली. तिने काय घोडं मारलंय कुणाचं?

अठ्ठ्याण्णव गावात एकाच पंपावर मिळतं, बायपासला. तिथला पोऱ्या म्हणाला, "काका, एवढं महाग कशाला घालता, फरक काय पडतो?" मी काच वर केली.

७ फेब्रुवारी

कॅन जावयाच्या दारात नेऊन ठेवले. म्हटलं, "तुमचं तुम्हाला परत." मुलगी रडायला लागली. हा शहाणा म्हणतो, "थँक यू बाबा, माझ्या गाडीला चालेल." वर हसतो!

११ फेब्रुवारी

आज दोघं जेवायला आले. आमची ही बोलावते, मला न विचारता.

मी बोललोच. म्हटलं, त्याचं काय उरलंय आता? कपडे तुम्ही वाटून टाकलेत. फोन बंद झाला. खोलीत इस्त्रीचं टेबल आलं. गाडी ही एकच वस्तू तो ठेवायचा तशी ठेवली आहे मी. अजून तसाच आवाज करते. तोही घालवा!

जावई ताटातला घास चिवडत बसला. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात ओलेच. "अहो, ऐका तरी—"

"तू मध्ये पडू नकोस. गाडीतलं तुला काय कळतं?"

ती आत गेली. जावयाने एकदा तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, चुकलं माझं. पुन्हा नाही होणार." मुलगी म्हणाली, "पुरे ना आता." कुणाला म्हणाली कळलं नाही. मला झोंबलं.

माफी मागून खडखड जाते का?

१८ फेब्रुवारी

आवाज स्वच्छ. चढावर एकदाही नाही. बरं वाटलं — आणि तेवढ्यात लक्षात आलं. सीट परत पुढे!

ह्याची मजाल बघा. परत येऊन नेली. पण एवढा ताडमाड माणूस, सीट पुढे घेऊन बसतो तरी कसा? माझी चेष्टा चालवली आहे. उद्या कुलूपच बदलतो गॅरेजचं. हिला विचारलं, दुपारी जावई येऊन जातो का? "नाही हो," म्हणाली आणि कणीक मळत राहिली. सगळे त्याला सामील!

२० फेब्रुवारी

दुकानात वीज गेली, दुपारीच घरी आलो. कुलूप बदलायचं राहिलंच होतं; गॅरेज उघडं आणि रिकामं. बरा सापडला, म्हटलं. उन्हात उभा राहिलो.

कोपऱ्यावरूनच आवाज आला. अगदी मुलगा यायचा तसा — वळणाआधी गिअर खाली, मग इंजिनाची एक लहानशी गुरगुर. गाडी एका दमात आत शिरली, भिंतीला वीतभर अंतर ठेवून.

ही उतरली.

मला बघून चपापली. मग म्हणाली, "त्यानेच शिकवली. तुम्ही दुकानात असताना. तुम्ही नको म्हणाला असतात." हातातली दुसरी किल्ली दाखवत, "जावईबापूंना मीच सांगितलं होतं, माझं नाव घेऊ नका म्हणून."

मी टाकीच्या झाकणावर हात ठेवला. तीच परत म्हणाली, "झाकणावर त्र्याण्णव होतं. म्हटलं, त्याच्या गाडीला दोन जास्तच असू देत."

२५ फेब्रुवारी

रविवारची फेरी. सीट होती तिथेच राहू दिली. मी हिच्या शेजारी बसलो.