तीन रात्री, दोघांसाठी

स्टॅफर्ड,
रविवार, नोव्हेंबर संपत आला

प्रिय ऑड्रीताईस,

धाकट्या भावाचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात लिहिलं होतंस की जिना उतरताना तो कुरकुरतो आणि चढताना गप्प असतो. (माझ्या ओळखीतली माणसं याच्या बरोबर उलट आहेत, पण ते असो.) मांजरीचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. तुझ्याकडे व्हिटबीला आता समुद्रावरून झोंबरा वारा सुटला असेल, तेव्हा सकाळी फिरायला जाताना मफलर घेत जा. मी इथे खुशाल आहे. म्हणजे रक्तदाब ठीक आहे, गुडघे दोन्ही गप्प आहेत आणि जेवण वेळेवर होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या वयाच्या मानाने तब्येत झकास आहे, आता एखादा छंद लावून घ्या. मी म्हटलं, बघतो.

पत्र लिहायचं कारण असं की जानेवारीत कुठेतरी जायचं म्हणतोय. तुला ठाऊकच आहे, ख्रिसमसच्या माळा उतरवून माळ्यावर टाकल्या की थेल्मा आणि मी तीन रात्रींसाठी युरोपातलं एखादं शहर बघून यायचो. शहर ती ठरवायची. ती विचारायची, यंदा कुठे? मी म्हणायचो, माझं काही नाही, तू म्हणशील तिथे. मग ती म्हणेल तिथे मी बॅगा उचलायचो. तीसेक वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला. एप्रिलमध्ये थेल्मा गेली, आणि आता लक्षात येतंय की मला स्वतःचं असं आवडतं शहर एकही नाही. ब्रूज आठवतं ते तिथे तिच्या बुटाचा तळ निघाला म्हणून. व्हिएन्ना आठवतं ते आम्ही संग्रहालय समजून एका बँकेच्या रांगेत उभे राहिलो म्हणून. (आधी रांगेत उभं राहायचं, कशाची ते नंतर विचारायचं, ही आपल्या आईचीच शिकवण.) पण जाऊ नये तर अख्खा जानेवारी घरात काढायचा. चार वाजता अंधार पडतो, ताई, आणि मग झोपेपर्यंत करायचं काय हे मला रोज नव्याने ठरवावं लागतं.

शेजारचे नाइजेल आणि ब्रेंडा पार्जेटर तुला अंत्यविधीच्या वेळी भेटले होते. (सँडविचमधली काकडी जाड कापलीय असं म्हणणारी ती ब्रेंडा.) नाइजेल म्हणाला, हल्ली दुकानात कोण जातं, घरबसल्या कॉम्प्युटरवर होतं सगळं. त्याने येऊन सहलीची तिकिटं काढायचं पान उघडून दिलं आणि तो फुटबॉलची मॅच बघायला निघून गेला. आता त्या पानावर काय गंमत असते बघ. तिथे आधीपासूनच दोन माणसं बसवलेली असतात. 'प्रवासी: दोन' असं आपण काही न सांगताच लिहिलेलं असतं आणि शेजारी वजाबाकीचं चिन्ह असतं. एकट्याने जायचं असेल तर ते दाबून एक माणूस कमी करायचं. दाबायला काहीच कष्ट नाहीत, बोट नुसतं टेकवायचं. मी चहा करून आलो, चष्मा पुसला, पुन्हा बसलो आणि शेवटी कॉम्प्युटरच बंद केला. हे काम समोरासमोर माणसाशी बोलून करावं असं माझं मत झालं.

म्हणून बाजारातल्या प्रवासाच्या दुकानात गेलो. तिथे कर्स्टी नावाची मुलगी बसते, फार गोड मुलगी, नखं निळी. तिने एक योजना काढून दाखवली: जानेवारीत तीन रात्री, पाच शहरांपैकी हवं ते, आत्ता थोडे पैसे भरायचे, शहराचं आणि सोबतच्या माणसाचं नाव दोन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारपर्यंत कळवलं तरी चालेल. एकट्या माणसाला जास्तीचे पैसे पडतात, म्हणजे पलंगाच्या रिकाम्या अर्ध्या भागाचंही भाडं द्यावं लागतं, हेही तिने सांगितलं असतं, पण तशी वेळच आली नाही. कारण तिने आधी विचारलं, "दोघं ना?" आणि मी म्हणालो, "हो."

तोंडातून गेलं. वर्षानुवर्षांची सवय. लगेच सुधारायचं म्हणून मी तोंड उघडलं, तर तिची बोटं टकटक करायला लागली होती आणि माझ्यामागे चार माणसं रांगेत उभी होती. आता तूच सांग, चार माणसांना ताटकळत ठेवून मी तिला म्हणणार की अहो, दोघं नाहीत, एक वारली? ती म्हणणार सॉरी. मग मी म्हणणार, नाही नाही, सॉरी मीच. मग रांगेतली बाई आपल्याला सगळं ऐकू आलं म्हणून सॉरी म्हणणार. अशाने दुकान बंद व्हायची वेळ झाली असती. मी निमूट कार्ड काढलं. कर्स्टी म्हणाली, "मस्त मजा करा हं दोघं," आणि मी तिचे आभार मानून बाहेर पडलो. बाहेर येऊन स्वतःची समजूत घातली की शेजारची खुर्ची मोकळी असली तर कोट ठेवायला बरी.

राहिला प्रश्न शहराचा. आपल्याकडे सल्ला मागावा लागत नाही, नुसतं आपण घोटाळ्यात आहोत असं दिसलं की पुरतं. माझा केस कापणारा एन्वर म्हणाला, "डेरिकअंकल, इस्तंबूलला जा, अर्धं तरी युरोपात आहेच." (ते पाचांत नव्हतं.) पार्जेटरांनी प्रागचे फोटो दाखवायला बोलावलं. फोटोंत प्राग कमी आणि नाइजेलच्या पुढ्यातली ताटं जास्त होती. फोटो संपल्यावर ब्रेंडा म्हणाली, आम्ही यंदा बुडापेस्टला जातोय, तुम्ही आलात तर किती छान होईल. मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, "अजून चहा घेणार का, की उशीर होतोय तुम्हाला?" मी उठलो. चिडलो वगैरे नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही चहाच विचारला असता.

मग मला एक युक्ती सुचली. म्हटलं, परदेशात एकट्याने जेवायला जमतं का, याची रंगीत तालीम इथेच करून बघू. मोठ्या रस्त्यावर ते इटालियन हॉटेल आहे, तिथे बुधवारी संध्याकाळी कोट-टाय घालून गेलो. वेटरने दोघांच्या टेबलावर बसवलं आणि समोरचे काटे-चमचे उचलायला लागला. माझा हात आपोआप पुढे गेला. मी म्हटलं, राहू दे. बस, तिथे फसलो. त्या बापड्याची समजूत झाली की कुणीतरी यायचंय. तो ऑर्डर घ्यायलाच येईना. दोघांपुरता पाव आणून ठेवला. मला भूक लागलेली, पण आता एकट्याने मागवावं तर तो खोटा पडणार, म्हणून त्याच्या समाधानासाठी मी अधूनमधून दाराकडे बघायला लागलो. एकदा घड्याळही बघितलं. (नाटक म्हणशील तर वाईट करत नव्हतो.) गंमत सांगू? थोड्या वेळाने मी खरोखरच दाराकडे बघत होतो. दार उघडलं की मान वर व्हायची. शेवटी वेटर जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "काका, त्या नाही येत आता. मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला याच्यापेक्षा चांगली मिळेल." आणि जेवणानंतर त्याने चॉकलेट केक आणून दिला, फुकट. मी तो सगळा खाल्ला आणि टिप भरपूर ठेवली.

खिडकीजवळच्या टेबलावर ब्रेंडाची बहीण बसलेली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळीच ब्रेंडा भाजलेल्या खिमा-बटाट्याचं भांडं घेऊन दारात. म्हणाली, "डेरिक, मी काही विचारायला आले नाही. कोण आहे ती?" मी म्हटलं, कोण? ती म्हणाली, "जी आली नाही ती. थेल्माला जाऊन वर्षही झालं नाही. मी काही म्हणत नाही, पण लोक म्हणतात." मी विचारलं, कोण लोक? ती म्हणाली, "आत्तापर्यंत मी आणि माझी बहीण."

आता खरं सांगायचं तर असं सांगावं लागलं असतं, की ब्रेंडा, कुणीही यायचं नव्हतं, मी रिकाम्या खुर्चीसमोर बसून दाराकडे बघत होतो. ते मला सांगवेना. बाईने झुलवलेल्या म्हाताऱ्याला निदान खिमा-बटाटा तरी मिळतो. मी म्हणालो, "तिला काम निघालं. जानेवारीत आम्ही बरोबर जाणार आहोत." ब्रेंडाने भांडं माझ्या हातात दिलं आणि जाहीर केलं की बर्मिंगहॅमच्या विमानतळावर आम्हाला दोघांना नाइजेल गाडीने सोडेल आणि ती स्वतःही येईल. नको म्हणून बघितलं, पण एवढी आपुलकी तिने थेल्माच्या आजारपणातही दाखवली नव्हती. तेव्हापासून गल्लीत लोक माझ्याकडे बघून हसतात आणि थांबून दोन शब्द बोलतात. वाईट असं की मला ते आवडतं.

तर हे असं आहे. शहराच्या आणि सोबतीच्या नावाची मुदत येत्या शुक्रवारी संपते. फार लांबण लावली, माफ कर. तुझ्या डोक्याला ताप द्यायचा हेतू नव्हता, नुसतं कळवावं म्हणून लिहिलं. सोडवायचं माझं मी बघेन. पण इतकं लिहिलंच आहे तर हेही लिहून टाकतो: ताई, मला फार एकटं वाटतं. सकाळी उठल्यावर वाटतं, दुपारी वाटतं, आणि रेडिओवरचा माणूस रात्री निरोप घेतो तेव्हा मी त्याला मोठ्याने गुड नाइट म्हणतो. कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

गुडघ्याला शेक देत जा. मांजरीच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरव.

तुझा भाऊ,
डेरिक

ता. क. तुझा पासपोर्ट चालू आहे का? सहज विचारतोय.

ता. क. २. सहज नाही विचारत. कर्स्टीला तुझं नाव मी कालच देऊन आलोय. खोल्या वेगवेगळ्या सांगितल्यात, शहर मात्र तू म्हणशील ते. नाव मागाहून बदलता येतं असं ती म्हणाली, मी काही विचारलं नव्हतं. तुला परदेशाचा तिटकारा आहे हे मी जाणतो, आणि तुला घेऊन जायचं ते त्याचसाठी: प्रत्येक ठिकाणच्या चहाला, उशीला आणि जिन्याला नावं ठेवायला माझ्याबरोबर कुणीतरी हवंय. मी एकटाच नावं ठेवत फिरलो तर लोक वेडा म्हणतील. ब्रेंडाला मात्र तू बहीण आहेस हे विमानतळ येईपर्यंत सांगू नकोस. (अंत्यविधीला तू काळी टोपी आणि चेहऱ्यावर जाळी घातली होतीस, तिला चेहरा आठवायचा नाही.)

ता. क. ३. नाही म्हणायचं असेल तर पत्राने म्हणू नकोस, फोन कर. पत्र काय, एका मिनिटात वाचून होतं. फोनवर तू आधी हवापाणी तरी विचारशील.